हातचं सोडून पळत्याच्या पाठी : नवशिक्यांसाठी व्हिडिओ पोकर

साहित्य : दोन दिवसांची सुट्टी, एक गाडी, एक बायको, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले तिचे आईवडील, दशम्यांचा डबा, आणि हरले तरी चालतील असे शंभर डॉलर.

यातला शेवटचा जिन्नस मिळवणं सगळ्यात अवघड. हरले तरी चालतील असे पैसे मराठी घरात तयारच होत नाहीत. आमच्याकडे पैशाचे दोनच प्रकार : लागणारे आणि पुढेमागे लागतील असे. तेव्हा सहलीच्या हिशेबात ‘किरकोळ’ नावाचं एक सदर उघडा आणि ही रक्कम त्यात गुपचूप ढकला. सासरे सहकारी बँकेतून निवृत्त झालेले असतील तर ते ‘किरकोळ म्हणजे काय?’ असं विचारतील. उत्तर आधीच ठरवून ठेवा. माझ्याकडे नव्हतं.

लॉस एंजेलिसहून लास व्हेगस साधारण २७० मैल. शनिवारी पहाटे निघालात तर चार तास. शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर निम्मं लॉस एंजेलिस तुमच्याबरोबर निघालेलं असतं, त्याला इलाज नाही. वाटेत वाळवंट. वाळवंटात बेकर नावाचं एवढंसं गाव आणि त्या गावात १३४ फूट उंचीचा थर्मामीटर. १९१३ साली जवळच्या डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, त्याची ही आठवण. अंशाला एक फूट. इथे उतरून फोटो काढावाच लागतो. सासूबाईंनी मान मागे टाकून तो वरपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, “हा चंद्रपूरला हवा होता.”

नेव्हाडा राज्याने जुगार कायदेशीर केला १९३१ साली. आपण ज्याला व्हेगस म्हणतो तो हॉटेलांचा झगमगाट मात्र बहुतेक सगळा लास व्हेगस शहराच्या हद्दीत नाहीच. तो पॅरडाइज नावाच्या, नगरपालिका नसलेल्या वस्तीत आहे. शहराचे कर नकोत म्हणून हॉटेलवाले हद्दीबाहेर राहिले. ही माहिती मी मोठ्या ऐटीत सांगितली, पण सासऱ्यांना त्यात नवल वाटलं नाही. “म्हणजे ग्रामपंचायत हद्दीतला प्लॉट,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पायरी पहिली : यंत्र ओळखणे

कॅसिनोत शिरल्यावर पहिल्यांदा गारठा लागतो, मग सिगारेटचा वास येतो (आत ओढायला परवानगी आहे), आणि मग आवाज. हजारभर यंत्रं एकाच वेळी कुणाचं तरी अभिनंदन करत असतात. कुठे पडद्यावर रेडे उधळलेत, कुठे ड्रॅगन नाणी ओकतोय. ही स्लॉट यंत्रं. त्यांच्यासमोर बसू नका. सभ्यतेचा प्रश्न नाही, भावाचा आहे. स्लॉट यंत्र शंभरातले किती परत देतं ते त्याच्यावर कुठे लिहिलेलं नसतं, आणि भाव न विचारता वस्तू घेणं आपल्याला शोभत नाही.

व्हिडिओ पोकरची यंत्रं शोधायची तर जिथे रोषणाई कमी आणि माणसं गप्प आहेत तिकडे जा. कोपऱ्यात, नाहीतर बारच्या कट्ट्यातच बसवलेली असतात. समोर साधारण सत्तरीची मंडळी. चेहऱ्यावर ना सुख ना दुःख. टपाल कार्यालयात शिक्के मारावेत तसे हात चाललेले.

खेळ सोपा आहे. यंत्र तुम्हाला पाच पानं वाटतं. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची, टाकलेल्यांच्या जागी नवी येतात. एकदाच. मग जे हातात उरलं त्याचे पैसे. गुलामांची किंवा त्याहून वरची जोडी आली तर लावलेलं परत. दोन जोड्या असतील तर दुप्पट, तीन सारखी आली तर तिप्पट. ओळीने पाच पानं म्हणजे स्ट्रेट, त्याला चौपट. पाचही एका रंगाची, म्हणजे सगळी बदाम किंवा सगळी किलवर, तर फ्लश. तिघं अधिक जोडी म्हणजे फुल हाउस. चार सारखी आली तर पंचवीस पट. आणि एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का अशी आली तर रॉयल फ्लश. तेव्हा यंत्र गाणं म्हणतं, असं ऐकून आहे.

समोर प्रतिस्पर्धी नाही. बदाम सात, झब्बू, मुंगूस यांवर पोसलेल्या माणसाला ही गोष्ट पचायला वेळ लागतो. सासूबाईंनी यंत्राच्या मागे जाऊन बघितलं.

“समोर कोण खेळतंय?”

“कुणी नाही, आई. आपणच.”

“मग जिंकल्यावर चिडवायचं कुणाला?”

या प्रश्नाला व्हिडिओ पोकरवरच्या कुठल्याच तक्त्यात उत्तर नाही.

पण फसवाफसवी नाही, एवढं मी त्यांना खात्रीने सांगितलं. नेव्हाडाचा नियमच आहे की यंत्रावर पत्ते दाखवायचे तर प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या ५२ पानांच्या कॅटइतकीच असली पाहिजे. पूर्वी असं नव्हतं. १८९१ साली ब्रुकलिनमध्ये सिटमन आणि पिट यांच्या कंपनीने पोकरचं पहिलं गाजलेलं यंत्र काढलं. पाच ढोल, त्यांच्यावर पत्ते, बाजूला दांडा. त्यात पत्ते होते पन्नासच. इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम बहुधा घरी ठेवलेले असत, म्हणजे रॉयल लागण्याची शक्यता आपोआप निम्मी. बक्षीसही यंत्र देत नसे. बारवाल्याकडून बिअर किंवा विडीकाडी मिळे. पडद्यावरचं पोकर बाजारात जोरात आणलं ते साय रेड या गृहस्थाने, १९७० च्या दशकाच्या शेवटी. त्याची कंपनी पुढे ‘आयजीटी’ झाली. सुरुवातीच्या यंत्रांना दोन जोड्यांच्या खालचा हात चालत नसे. मग ‘गुलामांच्या जोडीला पैसे परत’ ही युक्ती निघाली आणि लोक खुर्चीवरून उठेनासे झाले. हरण्याच्या मध्ये मध्ये काही न हरण्याची सोय झाली की माणूस बराच वेळ बसतो.

पायरी तिसरी : भाव बघणे

(दुसरी पायरी ‘आधी थोडं खाऊन घेणे’ अशी होती. ती गाडीतच दशम्यांनी उरकली.)

आता नीट लक्ष द्या, कारण खरं शिक्षण इथेच आहे. पडद्यावर वर बक्षिसांचा तक्ता असतो. सगळी यंत्रं जुळ्या भावंडांसारखी दिसतात. फरक असतो दोनच आकड्यांत, फुल हाउस आणि फ्लश. एका नाण्यामागे फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ देणारं यंत्र म्हणजे ‘नऊ-सहा’. ते बिनचूक खेळलं तर शंभरातले ९९.५४ परत देतं. ‘आठ-पाच’ यंत्र ९७.३० देतं. ‘सहा-पाच’ साधारण ९५.

एवढ्याशा फरकाने काय होतंय, असं वाटेल. म्हणून हिशेब करा. पाव डॉलरची पाच नाणी, म्हणजे एका हाताला सव्वा डॉलर. तासाला ४०० हात खेळलात तर ५०० डॉलर यंत्रातून फिरतात. तेच तेच शंभर डॉलर जातात-येतात, पण फिरतात ५००. नऊ-सहा यंत्र यावर सरासरी २ डॉलर ३० सेंट कापतं. आठ-पाच साडेतेरा. सहा-पाच पंचवीस. खुर्ची तीच, कॉफी तीच, भाडं अकरापट.

हे सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, सांगू नये. मी सांगितलं. आयुष्यभर ठेवीदारांना व्याजदराचा तक्ता समजावून सांगितलेला माणूस तो; त्यांचे डोळे लकाकले. खिशातून छोटी डायरी निघाली. पुढची चाळीस मिनिटं आम्ही एकाही यंत्रात छदाम टाकला नाही. अप्पा पुढे, मी मागे. ते यंत्रामागून यंत्राचे दर उतरवून घेत होते. “सहा-पाच. सहा-पाच. सात-पाच. हे बघा, त्याच रांगेत, त्याच रंगाचं, आणि दर वेगळा!” शेवटी गणवेशातला एक धिप्पाड सुरक्षारक्षक जवळ आला आणि अतिशय अदबीने काही मदत हवी आहे का विचारलं. “नो, थँक यू,” अप्पा म्हणाले, “टेकिंग कोटेशन.”

गर्दीच्या मुख्य रस्त्यावर पाव डॉलरचं नऊ-सहा यंत्र म्हणजे पुण्यात सदाशिव पेठेत पार्किंग. आम्हाला आठ-पाच मिळालं, पार मागे, प्रसाधनगृहाच्या वाटेवर. अप्पांनी डायरीत त्याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि मला बसायची परवानगी दिली. ते स्वतः खेळणार नव्हते. परदेशी पाहुण्याला मोठं बक्षीस लागलं तर ३० टक्के कर कापून घेतात, हे त्यांनी निघण्याआधीच वाचून ठेवलं होतं. न लागलेल्या बक्षिसावरचा कर त्यांना जिव्हारी लागला होता.

पायरी चौथी : संस्कार बाहेर ठेवणे

कुठला हात आला की काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे गणिताने ठरलेलं आहे. पाच पानं ३२ प्रकारांनी ठेवता-टाकता येतात, त्यातला एक प्रकार सगळ्यात चांगला. लेनी फ्रोम नावाच्या एका निवृत्त इंजिनिअराने हे हिशेब मांडून लोकांच्या हातात दिले. (निवृत्त इंजिनिअर जगात सगळीकडे सारखेच.) असे छापील तक्ते भेटवस्तूंच्या दुकानात मिळतात आणि ते यंत्रासमोर उघडे ठेवून खेळलं तरी कुणी हरकत घेत नाही. कॉपीला परवानगी असलेली ही एकच परीक्षा मी पाहिली आहे, आणि तरी लोक नापास होतात. कारण तक्ता सांगतो ते करायला हात धजत नाही. हाताला लहानपणापासून वेगळं शिकवलेलं असतं.

उदाहरणार्थ, काटकसर. एका वेळी एक ते पाच नाणी लावता येतात. आपला हात आपसूक ‘एक’ या बटणाकडे जातो. पण रॉयल फ्लशला एका नाण्यामागे २५० मिळतात; म्हणजे चार नाण्यांना १०००. आणि पाच नाण्यांना? ४०००. पाचव्या नाण्याच्या पोटात तीन हजार दडवलेले आहेत. एकेक नाणं लावून खेळणारा यंत्राला सूट देत असतो. मी पाच लावली. मागून सासूबाईंचा आवाज आला, “एकेक टाका की. जास्त वेळ पुरेल.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हेच तर दुखणं.

दुसरी सवय, वस्तू जपून ठेवण्याची. समजा हातात दोन सत्त्या, एक एक्का आणि दोन भाकड पानं आहेत. नवशिका काय करतो? सत्त्या ठेवतो आणि बरोबर एक्काही ठेवतो. कधी लागेल सांगता येत नाही! ज्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे आणि मिठाईच्या खोक्यांवरची सुतळी जपली जाते, त्या घरातल्या माणसाला एक्का टाकवत नाही. पण तो टाकायचा. टाकला तर सत्ती शोधायला तीन पानं मिळतात, ठेवला तर दोनच. बायकोने हे पहिल्या फटक्यात आत्मसात केलं. “एक्का ठेवून बसू नकोस,” ती म्हणाली, आणि मला उगाच वाटलं की हे पत्त्यांबद्दल नाही, गॅरेजमधल्या जुन्या प्रिंटरबद्दल आहे.

आणि तिसरी सवय. ती इतकी खोल आहे की तिची म्हणच आहे. तिच्याकडे येतोच.

मधली पायरी : फुकट पिणे

खेळणाऱ्याला पेय फुकट. वेट्रेस तबक घेऊन फिरत असतात. एक पेय, एक डॉलर बक्षिशी. काही बारांनी आता यंत्रांना दिवे बसवले आहेत. पुरेसे पैसे फिरवले की दिव्याचा रंग बदलतो आणि बारवाल्याला कळतं की हा गृहस्थ पेयास पात्र झाला. मी दोन तासांत तीन कॉफ्या घेतल्या. सासूबाईंनी चहा मागवला. कपभर गरम पाणी आणि त्यात पडलेली पुडी बघून त्यांनी तो मला दिला. अप्पांनी डायरीत हिशेब मांडला. दोन तासांचे अपेक्षित नुकसान सत्तावीस डॉलर, अधिक बक्षिशी चार, भागिले चार पेये. “फुकट कॉफी पावणेआठ डॉलरला पडली,” त्यांनी जाहीर केलं. आकडा चुकीचा नव्हता.

कॅसिनोचं सभासदकार्डही घ्या. पैसे पडत नाहीत, यंत्रात घातलं की गुण साठतात. पुढे वर्षभर तुमच्या वाढदिवसाची आठवण नातेवाइकांआधी कॅसिनोला येते.

एवढ्यात तुमच्या मनात विचार येईल की या यंत्रात काही चूक सापडली तर? एकदा सापडली होती. २००९ मध्ये व्हेगसमधल्या एका पियानोवादकाला व्हिडिओ पोकर यंत्राच्या प्रणालीत एक दोष सापडला. ठरावीक क्रमाने बटणं दाबली की आधीचंच बक्षीस मोठ्या दराने पुन्हा मिळे. त्याच्यावर आणि त्याच्या मित्रावर खटला झाला. बचाव असा की आम्ही यंत्राने दिलेली बटणंच दाबली. २०१३ मध्ये सरकारने केंद्रीय न्यायालयातला खटला सोडून दिला. मी हे वाचून बटणं निरनिराळ्या क्रमाने दाबून पाहिली. माझ्या यंत्राने मला एकदा स्पॅनिश भाषा निवडून दिली.

पायरी शेवटची : निर्णय

चौथ्या तासाला, शंभरातले साठ उरले असताना, तो हात आला.

बदामचा एक्का. बदामचा राजा. बदामची राणी. बदामचा गुलाम. आणि बदामची पंजी.

पाचही बदाम! फ्लश. आठ-पाच यंत्रावर पाच नाण्यांना २५ नाणी, म्हणजे सव्वासहा डॉलर, पदरात पडलेले. काही करायचं नाही, पाचही पानं ठेवायची आणि पैसे घ्यायचे. पण तक्ता काय म्हणतो? पंजी टाका. जुळलेला फ्लश मोडा आणि बदामच्या दश्शीच्या मागे जा.

मी हिशेब सांगतो, म्हणजे मी उल्लू नव्हतो हे नोंदलं जाईल. उरली ४७ पानं. त्यात बदामची दश्शी एक, ती आली तर ४००० नाणी. इतर बदाम सात, ती आली तर पुन्हा फ्लश, २५. दुसऱ्या रंगांच्या दश्श्या तीन, त्यांचा स्ट्रेट, २० नाणी. एक्के, राजे, राण्या, गुलाम मिळून बारा, त्यांची जोडी, ५ नाणी. सगळी बेरीज ४२९५, भागिले ४७, सरासरी ९१ नाणी. हातातल्या फ्लशचे २५. साडेतीन पटीहून जास्त. कुणालाही विचारा.

मी विचारलं, हीच चूक झाली. यंत्राला घाई नसते. बटण दाबेपर्यंत ते रात्रभर थांबतं, आणि तेवढ्यात घरची बैठक भरते.

“फ्लश आलाय ना? मग घ्या की,” अप्पा म्हणाले. मी त्यांना ४२९५ भागिले ४७ दाखवलं. त्यांनी भागाकार तपासला, बरोबर असल्याचं मान्य केलं, आणि म्हणाले, “तरी घ्या.”

“सत्तेचाळीस पानांपैकी चोवीस पानं अशी आहेत की काहीच मिळणार नाही,” बायको म्हणाली. ती संख्याशास्त्र शिकलेली आहे. “पण टाकणंच बरोबर आहे. टाक. बुफे नऊला बंद होतो.”

सासूबाईंनी पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “जावईबापू,” त्या म्हणाल्या. एरवी त्या मला नावाने हाक मारतात. “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.”

झालं. पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण एका बाजूला आणि गणित दुसऱ्या बाजूला. रॉयल फ्लश सरासरीने चाळीस हजार हातांतून एकदा येतो. शनिवार-रविवारचे दोन हजार हात धरले तर अशा वीस सहलींत एकदा. तो आता एका पानावर उभा होता. मी चार पानं धरली. पंजी सोडली. डोळे मिटून बटण दाबलं.

चौकटची तिरी.

माझं म्हणणं आजही हेच आहे की निर्णय बरोबर होता. बायकोही, एकटी असताना, ते मान्य करते. रविवारी सकाळी यंत्रातून निघालेली पावती ५८ डॉलर ७५ सेंटची होती. दोन दिवसांत सव्वाएक्केचाळीस डॉलर गेले. ही रक्कम एका रात्रीच्या हॉटेलच्या वरकड आकारापेक्षा फारशी वेगळी नव्हती, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गाडीतही कुणी काही बोललं नाही. रविवार दुपारचा परतीचा रस्ता, पुढे मैलोन् मैल लाल दिवे, डब्यात शेवटची दशमी.

बार्स्टोला दुकानात शिरलो. सासूबाईंनी खारवलेल्या पिस्त्यांची एक पिशवी उचलली, उलटीसुलटी करून किंमत बघितली आणि शांतपणे फळीवर परत ठेवली.

“घ्या ना, आई,” मी म्हटलं. “केवढ्याला आहे?”

“सहा पंचवीस,” त्या म्हणाल्या.